नळ, दिवा आणि स्वराज्य

वाचकहो, भाषांतर हा ज्याचा रोजचा व्यवसाय आहे त्याला शब्दांचे वजन पदोपदी तोलावे लागते. माझ्या मेजावर सरकारी कागद येतात, अहवाल येतात, निरनिराळ्या राज्यांची परिपत्रके येतात. त्यांत 'लोकल सेल्फ गव्हर्नमेंट' हे शब्द वारंवार भेटतात. हिंदीत त्यांना 'स्थानीय स्वशासन' म्हणतात. मराठीने मात्र त्यांच्यासाठी 'स्वराज्य' हा शब्द निवडला. नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या सर्व आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्था आहेत.

प्रथम प्रथम मला याचे नवल वाटे. ज्या शब्दामागे शिवछत्रपती आणि लोकमान्य उभे आहेत, तो शब्द आपण गटारे, दिवाबत्ती आणि जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या कचेरीला कसा दिला? देवघरातला चांदीचा तांब्या नळाखाली लावावा तसे ते वाटे. गेल्या काही वर्षांत मात्र माझे मत पालटले. ते का पालटले, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आपली घटना या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. १ जून १९९३ रोजी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान मिळाले. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची. ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे. संस्था मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मुदतीत निवडणूक घेणे हे राज्य निवडणूक आयोगाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका प्रकरणात २००६ साली बजावलेही होते.

तथापि कागदावरचा नियम आणि प्रत्यक्षातला व्यवहार यांत कधी कधी मोठे अंतर पडते. महाराष्ट्रात २०२० साली नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली यांसारख्या शहरांच्या महापालिकांची मुदत संपली. तेव्हा महामारीचे दिवस होते. निवडणूक पुढे गेली, यात कोणाला वावगे वाटले नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे यांची मुदत संपली आणि तेथेही प्रशासक आले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. प्रभाग किती सदस्यांचा असावा, त्याच्या सीमा कोठून जाव्यात, सदस्यसंख्या किती असावी, याविषयीचे निर्णय एकदा झाले, बदलले आणि पुन्हा बदलले. प्रत्येक कारण आपापल्या जागी खरे होते. पण कारणांची अशी माळ झाली की तिच्यात वर्षे ओवली गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मर्यादा ठरविली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्यांपैकी इचलकरंजी आणि जालना या महापालिका नव्यानेच झालेल्या होत्या. त्यांची ही पहिलीच निवडणूक. पुणेकरांनी यापूर्वी आपले नगरसेवक निवडले होते ते २१ फेब्रुवारी २०१७ रोजी. दोन मतदानांत जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर पडले होते.

आमच्या अंकाचे वाचक महाराष्ट्राबाहेरही दूरवर पसरलेले आहेत. त्यांनी 'हे आमच्याकडचे नव्हे' असे म्हणून पान उलटू नये. चेन्नईची महापालिका ही देशातील सर्वांत जुनी. तिची स्थापना १६८८ सालची. तिची कचेरी ज्या शुभ्र इमारतीत आहे तिला लॉर्ड रिपन यांचे नाव आहे. १८८२ साली ज्यांनी भारतातील स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला तेच हे रिपन. त्याच वास्तूत १९७३ पासून १९९६ पर्यंत लोकांनी निवडलेले सभागृह नव्हते, आणि पुन्हा २०१६ पासून २०२२ पर्यंत नव्हते! बंगळूरच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांत तेथे निवडणूक झाली नाही आणि २०२५ साली त्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका करण्यात आल्या. दिल्लीत २०२२ साली तीन महापालिकांची एक झाली आणि डिसेंबरात निवडणूक होईपर्यंत विशेष अधिकाऱ्याने कारभार पाहिला. थोडक्यात, हे दुखणे एका प्रांताचे नाही.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. प्रशासक म्हणजे कोणी खलपुरुष नव्हे. या काळात रस्ते झाडले गेले, नळाला पाणी आले, दिवे लागले. पुष्कळांना तर हा कारभार अधिक सुटसुटीत वाटला. सभागृहातील आरडाओरड नाही, सभात्याग नाहीत, तहकुब्या नाहीत. 'बरे झाले, भांडणे मिटली,' असे म्हणणारे सज्जन मला या काळात कितीतरी भेटले.

मग हरवले ते काय? महापालिकेचे अंदाजपत्रक कसे तयार होते ते पाहा. आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात. समिती त्यावर चर्चा करते, फेरफार सुचविते आणि मग ते मुख्य सभेपुढे येते. तेथे प्रत्येक प्रभागाचा प्रतिनिधी उभा राहून 'माझ्या भागाला काय?' असे विचारू शकतो. मागणारा एक, तपासणारा दुसरा आणि मंजूर करणारा तिसरा, अशी ही रचना आहे. घरातसुद्धा एकाने बाजार करावा, दुसऱ्याने हिशेब पाहावा, ही जुनी शहाणी रीत. प्रशासकाच्या काळात आयुक्तांनी प्रस्ताव करावयाचा, आणि बहुतेक ठिकाणी त्यांनीच प्रशासक म्हणून त्याला मान्यता द्यावयाची. हात एकच, लेखणी एकच. तो हात कितीही स्वच्छ असला तरी त्याला विचारणारे कोणी समोर बसलेले नसते.

या विचारण्याची किंमत काय, हे पुण्याच्या इतिहासातील एक प्रसंग सांगतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते सरकारनियुक्त होते, लोकांनी निवडलेले नव्हते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे. मते घेतली तेव्हा विरोधी मत एकच पडले आणि ते जोतीरावांचे होते. खर्च टळला नाही; पण सभा होती म्हणून ते एक मत पडले, ते नोंदले गेले आणि आज दीडशे वर्षे होत आली तरी आपल्याला ते ठाऊक आहे. सभाच नसती तर ते मत कोठे पडले असते?

आता थोडे घरचे. २९ शहरांपैकी एका शहरात मी राहते. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण आमच्यासारखी गल्ली आपल्याही शहरात असेलच. आमची गल्ली उताराची. वरच्या अंगाला नव्या उंच इमारती, खालच्या टोकाला जुनी बैठी घरे. पूर्वी मध्ये दोन मोकळ्या जागा होत्या, त्या पावसाचे पाणी पीत. तेथे इमारती झाल्या, पुढे रस्त्याचे काँक्रीट झाले. जमिनीखालचा पावसाळी नळ मात्र पूर्वीच्याच व्यासाचा राहिला. परिणामी मोठी सर आली की खालच्या तीन घरांत पाणी शिरते. त्यांतल्या एका घरात शिंपीकाम चालते. त्यांचे शिवणयंत्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत विटांवर चढविलेले असते.

प्रशासकाच्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी फोनवरून तक्रारी केल्या. तक्रार नोंदविली की क्रमांक येई. दोन-तीन दिवसांनी 'तक्रारीचे निवारण झाले' असा निरोप येई. तो निरोप अगदीच खोटा नसे. माणूस येई आणि जाळी साफ करून जाई. परंतु जाळी साफ केल्याने नळाचा व्यास वाढत नाही. त्यासाठी रस्ता खणावा लागतो, पैसा लागतो, अंदाजपत्रकात एक ओळ लागते. आणि ती ओळ घालण्याचा आग्रह धरणारे कोणी नव्हते. आमच्या माजी नगरसेविका जवळच राहतात. पावसाळ्यात लोक सवयीने त्यांच्याच दारी जात. एकदा मीही गेले होते. त्या म्हणाल्या, "बाई, पत्र देईन हो मी. पण आता माझ्या सहीला अर्थ राहिला नाही. तुम्ही जशा पत्र देणाऱ्या, तशीच मी."

या काळाचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो मला अधिक चिंतेचा वाटतो. आम्ही एकेकटे तक्रार करण्यास शिकलो. ज्याच्या घरात पाणी, त्याची तक्रार. ज्याच्या दारात कचरा, त्याची तक्रार. प्रत्येकाचा क्रमांक निराळा. शेजाऱ्याचा क्रमांक काय, हे कोणास ठाऊक नसे. तक्रार एकट्याला करता येते, पण शहर चालविणे हे एकट्याचे काम नाही, याचा आम्हांला हळूहळू विसर पडत चालला होता.

जानेवारीतील मतदानाला माझ्याबरोबर आमच्या शेजारची एक मुलगी होती. वय २६, नोकरी करणारी, लोकसभेला आणि विधानसभेला मत दिलेली. महापालिकेसाठी मात्र तिचे हे पहिलेच मत! मुंबई वगळता इतर शहरांत प्रभाग बहुसदस्यीय होते. आमच्याकडे चार जागांसाठी चार मते द्यावयाची होती. बाहेर आल्यावर तिने विचारले, "काकू, चौघे निवडून येणार, मग दिवा गेला तर यांतल्या कोणाला सांगायचे?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. चौघांचा प्रभाग म्हणजे चार दारे उघडी, असे म्हणता येते. चौघांत कोणीच नाही, असेही होऊ शकते. दोहोंपैकी काय होईल, ते निवडून आलेल्यांइतकेच निवडून देणाऱ्यांवरही अवलंबून असते.

म्हणूनच मी आपणांस आग्रहाने सांगेन की, निवडणूक झाली म्हणजे स्वराज्य परत आले, असे समजू नये. निवडणुकीने सभागृह परत येते. सभागृह आणि घर यांच्यामधली वाट मात्र आपल्याला चालून चालूनच पाडावी लागते. तिची तरतूद कायद्यात आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे घटनाच सांगते. महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची सोय केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहराच्या एका लहान भागातील मतदारांची ही सभा. तिचे अध्यक्ष त्या भागाचे नगरसेवक. पण ग्रामसभा खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते, आणि क्षेत्रसभा म्हणजे काय हे शहरातल्या सुशिक्षितालाही विचारले तर तो बुचकळ्यात पडतो. पुण्यात २००६ च्या सुमारास नागरिकांनी आपल्या भागातील लहानसहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवावीत, अशी पद्धत सुरू झाली. पदपथ, बाक, दिवे अशी ती कामे. रकमा मोठ्या नसतात. पण अर्ज भरताना माणसाला आपल्या घराबाहेर पाहावे लागते, हा लाभ काही लहान नाही.

आमच्या गल्लीने निवडणुकीनंतर काही आठवड्यांनी एक साधी गोष्ट केली. शाळेचा एक वर्ग मागून घेतला आणि चारही नगरसेवकांना बोलाविले. तिघे आले. विभागाचे कनिष्ठ अभियंताही आले. त्यांनी फळ्यावर खडूने गल्लीचा नकाशा काढून समजावून सांगितले की, मोठा नळ टाकावयाचा तर नवे काँक्रीट फोडावे लागेल आणि दोन महिने वरच्या इमारतींतील लोकांना गाड्या आत नेता येणार नाहीत.

एवढे ऐकताच वर्गाचे दोन तट पडले. इतकी वर्षे आम्ही सर्व जण 'त्यांनी काही केले नाही' असे एकमुखाने म्हणत होतो. आता प्रश्न आमच्याआमच्यातच उभा राहिला. वरचे म्हणू लागले, "आम्ही काय म्हणून दोन महिने त्रास काढायचा? आमच्याकडे तर पाणी येत नाही." थोडा वेळ आवाज चढले. मग शिंपीकाम करणाऱ्या घरातील बाई उठल्या. त्या सभेत कधी बोललेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "येत नाही कसे? तुमच्याच गच्चीवरचे पाणी आमच्या घरात येते. ते परत घेऊन जा असे आम्ही म्हणत नाही. त्याला जायला वाट द्या, एवढेच मागतो."

यावर कोणी काही बोलले नाही. मग बोलण्याचा सूर पालटला. वरच्या दोन इमारतींनी आपापल्या आवारात शोषखड्डे घेण्याचे मान्य केले, म्हणजे मुळात रस्त्यावर पाणी कमी येईल. खोदकाम मुलांच्या परीक्षा संपल्यावर आणि दोन टप्प्यांत करावे, म्हणजे एक बाजू मोकळी राहील, असे ठरले. हा खर्च अंदाजपत्रकात घालण्याचा प्रस्ताव आणण्याचे तिघा नगरसेवकांपैकी एका बाईंनी पत्करले. त्यांच्या पक्षाचे नाव त्या सभेत कोणी घेतले नाही, याची मला मौज वाटली.

माझा व्यवसाय लिहिण्याचा म्हणून इतिवृत्त माझ्याकडे आले. लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षे मी ज्या कागदांचे भाषांतर करीत आले त्यांतील वाक्ये बहुधा 'काम केले जाईल', 'कार्यवाही करण्यात यावी' अशी असतात. त्यांत काम असते, कार्यवाही असते. ती करणारा मात्र कोठे दिसत नाही. त्या दिवशीच्या इतिवृत्तात प्रत्येक वाक्याला कर्ता होता. खड्डे कोण घेणार, प्रस्ताव कोण आणणार, मोजमाप कोण करणार, पुन्हा केव्हा भेटावयाचे, हे सर्व लिहिलेले होते आणि खाली सह्या होत्या. हे लिहीपर्यंत नळाचे काम सुरू झालेले नाही. ते वेळेवर होईल अशी खात्री मी देणार नाही. शहराच्या कामांचा अनुभव आपणांसही आहे. पण झाले नाही, तर कोणाला काय विचारावयाचे हे आता ठाऊक आहे. आणि विचारावयास एकटे कोणी जाणार नाही.

मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावे असे ठरले, तेव्हा तो हक्क मूठभर करदात्यांचा होता. शिंपीकाम करणाऱ्या त्या बाईंना तेव्हा मतही नसते. आज प्रत्येक प्रौढ माणसाला मत आहे, आणि महाराष्ट्रात महापालिकेच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. एवढ्या दीर्घ प्रयत्नाने मिळालेली वस्तू चार-सहा वर्षे बंद पडली आणि पुष्कळांना तिची आठवणही झाली नाही, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते. दिवा गेला तर आपण त्याच रात्री फोन करतो. सभागृह गेले तेव्हा किती जणांनी विचारले?

तेव्हा वाचकहो, आपण ज्या शहरात असाल तेथे चार गोष्टी अवश्य करून पाहा. आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि आपल्या नगरसेवकांची नावे घरातील मुलांनासुद्धा ठाऊक असू द्या. महापालिकेचे अंदाजपत्रक मिळवून त्यात आपल्या भागाचे नाव कोठे आहे ते एकदा बोट ठेवून पाहा. प्रभाग समितीची किंवा क्षेत्रसभेची बैठक केव्हा आहे, असे लेखी विचारा. ती होत नसेल तर का होत नाही, हेही विचारा. आणि आपल्या शहरात सभागृहाची मुदत संपत आली असेल, तर पुढील निवडणूक कोणत्या महिन्यात आहे, हे आजच विचारून ठेवा. मुदत संपल्यावर विचारू लागलो तर उत्तरादाखल कारणे मिळतात. आधी विचारले तर तारीख मिळण्याचा संभव असतो. हे सर्व शक्यतो एकट्याने करू नये. शेजाऱ्याचे दार ठोठवावे, दोघांनी मिळून तिसऱ्याकडे जावे. पावसाळ्याला अजून अवधी असेल तर फारच उत्तम.